राजहंसाची मान

टेंभुर्णी,
मंगळवार, जेवणाची सुट्टी

प्रिय बेबीताई,

संघपालचा सप्रेम जयभीम. देवानंद भाऊजींनाही माझा जयभीम सांग, आणि रूपालीला म्हणावं मामानं अभ्यासाबद्दल काहीही विचारलेलं नाही, तेव्हा तिनं हे पत्र बिनधास्त वाचावं. तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून कटकट वाजतो का? आई म्हणते तिळाचं तेल चोळ, मी म्हणतो डॉक्टरला दाखव, आणि तू यातलं काहीच करणार नाहीस हे आम्हां दोघांनाही बराबर माहीत आहे. इकडे आईची तब्येत छान आहे. तुरी बऱ्या आहेत. मी जेवतो, शाळेत जातो, आणि उरलेल्या वेळात भितो.

तू म्हणशील, हातात फोन असताना या पोरानं कागद कशाला खराब केला. ताई, शाळेत रेंज येते ती फक्त ऑफिसच्या खिडकीपाशी, आणि खिडकीच्या आत संध्या मॅडम बसलेल्या असतात. घरून बोलावं तर आई शेजारी कान देऊन बसते आणि माझ्या वतीनं स्वतःच घाबरते. राहिलं व्हॉट्सअ‍ॅप. त्याच्यावरचा माझा विश्वास पावसाळ्यातच उडाला, आणि सगळं प्रकरण तिथूनच सुरू झालं म्हणून तिथूनच सांगतो.

तर पावसाळ्यात मुलांची नवीन ओळखपत्रं छापून आली. त्यावर आमच्या शाळेचं चिन्ह होतं. (शाळेचं पूर्ण नाव तुला माहीत आहे, ते इथं लिहायला घेतलं तर हे पान त्यातच जाईल. सगळे तिला माळाची शाळा म्हणतात, मीही तेच म्हणतो.) चिन्हात एक पक्षी आहे. मी त्या पक्ष्याचा फोटो काढला, खाली लिहिलं, “ताई, ओळख बरं, कोंबडी की कबूतर?” आणि तुला पाठवला. तो तुला मिळाला नाही, कारण तो शाळेच्या ग्रुपवर गेला. मी जल्दी जल्दी पुसला, पण तोवर संध्या मॅडमनी पाहिला होता. त्यांनी ऑफिसात बोलावलं. व्हरांड्यातून जाताना मी मनात राजीनाम्याचा मायना जुळवला, पण शेवटी ‘आपला विश्वासू’ लिहावं की नाही इथं अडलो. आत गेलो तर मॅडम म्हणाल्या, “सर, हाच प्रश्न मलाही पडलाय.”

ताई, नोकरी गेली असती तर बरं झालं असतं, असं मला त्यानंतर पुष्कळदा वाटलं.

संध्या मॅडम यंदाच्या जूनपासून आमच्या मुख्याध्यापिका आहेत. बाई चांगल्या आहेत, बोलणं गोड आहे, फक्त त्यांचं वाक्य संपलं की समोरच्याकडे काम उरतं. त्या पुण्याला कसलंसं प्रशिक्षण घेऊन आल्या होत्या. तिथं त्यांना सांगितलं म्हणे, की शाळा नुसती चांगली असून भागत नाही, ती सगळीकडे एकसारखी दिसली पाहिजे. चिन्ह एक, रंग एक, अक्षराचं वळण एक. मग मला घेऊन त्या शाळाभर फिरल्या आणि जिथं जिथं तो पक्षी होता तिथं तिथं उभ्या राहिल्या. फाटकावरच्या पत्र्यावर त्याची मान लांब होती, म्हणजे राजहंस असावा. बसवर तो हिरवा होता आणि चोच वाकडी, म्हणजे पोपट. शिवाय बसवर ‘विध्यालय’ लिहिलेलं होतं ते वेगळंच. रबरी शिक्क्यात शाई भरून भरून त्याचा कांदा झाला होता. आणि खेळाच्या बनियनवर छापणाऱ्यानं इंटरनेटवरचा गरुड टाकला होता, नखांसकट. म्हणजे आमचं लेकरू पोपटाच्या बसमधून उतरायचं, हंसाच्या फाटकातून आत जायचं, गरुड घालून पळायचं आणि वर्षाच्या शेवटी कोंबडीचं प्रमाणपत्र घेऊन घरी जायचं.

मॅडम म्हणाल्या, “एक शाळा, एक पक्षी. सर, तुम्ही कलाशिक्षक आहात.” वाक्य संपलं.

मी म्हणालो, पक्षी कोणता ते ठरवायला हवं. त्या म्हणाल्या, ज्यांनी काढला त्यांना विचारा. इथं आमच्या दोघांच्याही लक्षात आलं की तो अप्पारावांनी काढलाय, आणि मॅडम लिहिता लिहिता थांबल्या. बाहेर बद्रीनाथ शिपाई घंटेवर फडकं मारत होता, तोही थांबला.

अप्पारावांची गोष्ट तुला सांगितलीच पाहिजे, नाहीतर तुला वाटेल माझा भाऊ भित्रा आहे. (आहे, पण इथं त्याला कारण आहे.) त्यांनी ही शाळा काढली, जन्मभर तिथंच शिकवलं, आता ऐंशीच्या पुढं गेलेत आणि गावात घरी असतात. कुणावर हात उगारलाय असं कुणी सांगत नाही, ओरडतही नाहीत. नुसतं बघतात. एकदा ते न सांगता एका वर्गात शेवटच्या बाकावर येऊन बसले, तास संपेपर्यंत बसले, आणि एक शब्द न बोलता उठून गेले. त्या मास्तरांनी त्याच आठवड्यात बदलीसाठी खटपट सुरू केली. मी नोकरीला लागलो तेव्हा त्यांनी माझ्या फळ्याकडे पाहून “हं” म्हटलं होतं. त्या ‘हं’चा अर्थ मी अजून लावून राह्यलोय. अशा माणसाला जाऊन, “सर, तुम्ही काढलंय ते नेमकं काय आहे?” असं कोण विचारणार? मॅडम म्हणाल्या, स्टाफची मीटिंग घेऊ.

मीटिंग आधी रंगावर झाली. कुणी भगवा म्हणालं की एकजण खुर्ची पुढं ओढायचा, हिरवा म्हटलं की दुसरा मागं सारायचा. मग कुणीतरी निळा म्हणालं आणि सगळा स्टाफ माझ्याकडे बघायला लागला. ताई, मी तोंड उघडलंच नव्हतं! उघडलं होतं, पण पोह्यांसाठी. शेवटी विटकरी रंग ठरला, कारण विटकरी झेंडा घेऊन जाणारं कुणी कुणी पाहिलेलं नव्हतं. पक्ष्याचं मात्र झटक्यात झालं. सगळे म्हणाले राजहंस. त्यांना तो सरस्वतीचा म्हणून पसंत पडला. मला सिद्धार्थानं बाण लागलेला हंस मांडीवर घेतला होता तो आठवला, म्हणून मलाही पसंत पडला. कुणी कुणाला आपलं कारण सांगितलं नाही, म्हणून बिलकुल भांडण झालं नाही.

पुढचं तुला माहीत आहे, कारण त्यात भाऊजी आहेत. फाटकावरचा लोखंडी राजहंस त्यांनी एमआयडीसीतल्या त्यांच्या वर्कशॉपात कापून, वाकवून, घासून दिला, तेव्हा मी फोनवर थँक्यू म्हणालो होतो. पण खरं सांगतो, ते काम बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. अशी मान! लोखंडाची आहे हे हात लावल्याशिवाय कळत नव्हतं. तोच हंस मी कागदावर उतरवला आणि मग बसवर, शिक्क्यात, बनियनवर, स्टेजच्या पडद्यावर, प्रमाणपत्रावर, एकच हंस, एकच विटकरी, एकच वळण. बसवरचं ‘विध्यालय’सुद्धा ‘विद्यालय’ झालं. जुने पक्षी मी स्वतः ब्रश घेऊन एकेक पुसले. मॅडम खूश होत्या. मीही, खोटं कशाला बोलू, एकदोन दिवस फाटकासमोरून उगाच जाऊन येत होतो. फक्त शेवटचा पोपट पुसताना लक्षात आलं, की अप्पारावांना आपण कुणीच विचारलेलं नाही. दरवर्षी ते सव्वीस जानेवारीला झेंड्यासाठी येतात. मी मनाशी म्हणालो, अजून वेळ आहे.

ते मागल्या सोमवारी आले. प्रार्थना चालू होती. आधी मुलांच्या मागच्या रांगा गप्प झाल्या, मग मधल्या, मग पुढच्या, आणि शेवटी एकट्या संध्या मॅडम माइकवर गात राहिल्या. मी वळून पाहिलं. अप्पाराव फाटकात काठी टेकून उभे होते आणि मान वर करून हंसाकडे बघत होते. किती वेळ बघत होते कोण जाणे. मग आत आले, सगळ्यांसमोर उभे राहिले आणि हळूच म्हणाले, “हे कोन केलं?”

ताई, हात वर करायचा होता. सबंध स्टाफ आणि सबंध शाळा माझ्याकडे बघत होती, आणि मी हात वर केला तो नेमकी करंगळी करून. पहिलीतलं पोरगं लघवीला जायचं म्हणून करतं तशी. मला कळलं, पण खाली घेता येईना.

अप्पाराव करंगळीकडे बघत राहिले. म्हणाले, “जाऊन ये. मंग बोलू.”

कुणीही हसलं नाही, यावरून तू ओळख काय वातावरण असेल. मी खरोखरच जाऊन आलो. परत आलो तर ते म्हणाले, चल माझ्यासंगं, आणि शाळेच्या मागच्या माळाकडे निघाले. मॅडम म्हणाल्या, “मी पण येते,” पण त्यांचे पाय जागचे हलले नाहीत; त्यांनी आपली पाण्याची बाटली तेवढी माझ्या हातात दिली. बद्रीनाथनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू परत दिसणार नाही.

माळ तू पाहिलाय, झाड नाही की झुडूप नाही, नुसते खडे. ते पुढं, मी मागं. काठी ठक ठक वाजत होती. मला वाटत होतं, हा माणूस आता थांबेल, वळेल, आणि बघेल. ते थांबलेच. आणि त्याच वेळी समोरच्या खड्यांमधून एक पक्षी किंचाळत उठला आणि आमच्या डोक्यावरून घिरट्या घालायला लागला. मी दचकून मॅडमची बाटली खाली टाकली.

“वळखलं का?” अप्पाराव म्हणाले.

“टिटवी, सर.”

“तुमी तिची मान लांबवली,” ते म्हणाले आणि धोतर सावरून खड्यांवर खाली बसले. मलाही काठीनं बसायला सांगितलं.

मग त्यांनी सांगितलं ते मी तुला सांगतो, पण त्यांच्यासारखं सांगता यायचं नाही. शाळा काढायची ठरली तेव्हा गावानं हा माळ दिला, कारण इथं काही उगवत नव्हतं. उन्हाळ्यात पाया खणायला माणसं लावली, आणि जिथं पहिली खोली यायची बरोबर तिथं उघड्यावर टिटवीची अंडी निघाली. गडी पुढं आला की ती पंख पसरून त्याच्या अंगावर जायची. एवढीशी बाई, आणि टिकाव घेतलेल्या माणसाला मागं सरकवत होती. गडी म्हणाले उचलून टाकू. अप्पारावांनी काम थांबवलं. जून आला, पोरं आली, खोली नाही. तर पहिल्या वर्गाची पोरं गावच्या कडूलिंबाखाली बसली, पिल्लं उठून चालायला लागेपर्यंत. “म्या म्हनलं, लेकरासाठी अशी उभी राहती ती आपली. तिलाच शाळेवर घ्यायचं.”

मी विचारलं (हे धाडस कुठून आलं मला माहीत नाही), मग सर, तुम्ही कधी कुणाला सांगितलं का नाही?

ते खडे चाळवायला लागले. टिटवी अजून ओरडत होती. मग म्हणाले, “भेलो.”

ताई, माझा कानांवर विश्वास बसेना. ते म्हणाले, टिटवी वरडली की घरात कुनीतरी जातं असं लोक म्हनतात. टिटवीच्या शाळेत लेकरू कोन घालील? म्हणून त्यांनी चित्र काढलं आणि नाव सांगितलंच नाही. लोक हंस म्हणाले, हे गप्प राहिले. लोक कोंबडी म्हणाले, हे गप्प राहिले. इतकी वर्षं गप्प. “पर चित्रात तिचे पाय तरी उरले होते. काल ऐकलं, समदं पुसलं म्हनून. आज बघितलं तर पायबी न्हाईत. हंसाचे पाय पान्यात.”

आणि मग त्यांनी मला विचारलं, ज्यांचा मी ‘हं’ अजून उलगडू शकलो नाही त्यांनी मला विचारलं, “मास्तर, आता तिला टिटवी म्हनलं तर लोक भेतील का?”

मी म्हणालो, “लोकांचं माहीत न्हाई सर. मी भेतोच. पर काढतो.”

त्यांनी काठीच्या टोकानं मातीत टिटवी काढून दाखवली. तोंडावर मोठा आनंद होता. आणि ताई, कुणाला सांगू नकोस, ती हुबेहूब कोंबडी होती. एवढी वर्षं आम्ही नकला करणाऱ्यांना नावं ठेवली.

पालकांची सभा शनिवारी झाली. संध्या मॅडमनी सुरुवात केली आणि टिटवी हा शब्द आला तिथं त्यांना खोकला आला, म्हणून तो शब्द मला उच्चारावा लागला. मंडपात कुजबुज उठली. हसनाबादहून भाचीसाठी आलेले एकजण उभे राहून म्हणाले, “लेकरांच्या छातीवर टिटवी? सर, तुमी काय बोलून राह्यले?” दुसऱ्या म्हणाल्या, आमच्या सासूबाई नुसतं नाव घेतलं तरी पाणी शिंपडतात. मी खुर्चीचा हात धरून बसलो होतो. तेव्हा अप्पाराव उठले. त्यांनी अंड्यांची गोष्ट सांगितली आणि शेवटी, मला वाटलं नव्हतं सांगतील, पण हेही सांगितलं की मी तुम्हाला भेलो म्हणून बोललो नाही, ती मात्र टिकावाला भ्याली नव्हती. ज्यांनी त्यांच्या वर्गात छड्यांशिवाय नुसत्या नजरेवर वर्षं काढली होती ती मोठमोठी माणसं खाली बघत होती.

मग हसनाबादचेच ते गृहस्थ पुन्हा उभे राहिले. म्हणाले, “बरं, टिटवी तर टिटवी. पर एक करा. तिची चोच मिटलेली काढा. वरडत न्हाई म्हनल्यावर कुनाला काय अपशकुन?” सगळा मंडप म्हणाला, हां, हे बराबर आहे. ठराव झाला: टिटवी चालेल, चोच बंद.

अप्पाराव हसले. मोठ्यांदा, काठी आपटून. आम्ही स्टाफनं त्यांना हसताना कधीच पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे आम्ही पुन्हा नव्यानं घाबरलो. बद्रीनाथनं तर घंटाच दिली.

असं झालं ताई. आता बस, शिक्का, पडदा, बनियन, सगळ्यांवरचा हंस पुसून तिथं मिटल्या चोचीची टिटवी यायची आहे, आणि तीही सगळीकडे एकसारखी. मी तालमीला लागलोय. स्वप्नात पक्षी येतात आणि माझ्याकडे नुसते बघतात. बाकी काळजी करू नकोस. गुडघ्याला जप, भाऊजींना वेळेवर जेवायला घाल, आणि घरातल्या सगळ्यांना माझी आठवण सांग.

तुझा भाऊ,
संघपाल

ता. क. : खरं तर पत्र एवढ्यासाठीच लिहिलं, पण वर कुठं लिहायची हिंमत झाली नाही. भाऊजींना सांग, तो हंस परत येतोय. त्याची मान कापायची आहे. आखूड मान, उंच पाय, चोच बंद, आणि सव्वीस जानेवारीच्या आत. त्यांनी ती मान किती दिवस घासली होती हे मला माहीत आहे, म्हणून तू आधी चहा दे आणि मग सांग. मी फोन उचलणार नाही.

ता. क. २ : हंस एस.टी.त घेईनात. अप्पाराव उद्या डोळे दाखवायला जालन्याला येतायत, त्यांच्या जीपमध्ये मागच्या सीटवर गोधडीत गुंडाळून तोही येतोय. पत्रही तेच आणून देतील. त्यांना जेवल्याशिवाय सोडू नकोस. चहा बिनसाखरेचा कर, वय झालंय. मान कापताना ते शेजारी उभे राहून बघणार आहेत, भाऊजींचा हात कापू देऊ नकोस. ते बघतात तेव्हा काय होतं ते मी वर लिहिलंच आहे.

ता. क. ३ : ताई, घात झाला. मी पाकीट चिकटवायला डिंक घेतला तर अप्पाराव दारात उभे. म्हणाले, “उघडंच ठेव. वाटंत शुद्धलेखन बघतो.” जन्मभर मराठी शिकवलेला माणूस. नाही म्हणायला तोंड उघडलं, पण टिटवीसारखं मिटलं. आता काही खोडताही येत नाही, ते समोरच बसलेत.

(खाली लाल शाईत, वेगळ्या अक्षरात)

सौ. बेबीनंदाबाईंस आशीर्वाद. पत्र वाचले. शुद्धलेखन बरे आहे. वाक्ये लांब आहेत. मुलगा घाबरला की थांबत नाही. ‘हं’ म्हणजे अक्षर छान आहे, असे त्याला कळवावे. चहा साखरेचा चालेल. मान कापताना मात्र मी बाहेर थांबेन. मला ते बघवणार नाही.

— अप्पाराव